पूरपाळी

वाकणी नदी वर्षातले साडेअकरा महिने स्वतःला नदी म्हणवून घ्यायला लाजते आणि उरलेल्या पंधरा दिवसांत काठच्या गावांची पाचावर धारण बसवते. माळवड हे तालुक्याचं गाव तर तिच्या अगदी अंगावरच बसलेलं. आठवडे बाजार पात्राला लागून, पुलाखालच्या तळावर भरतो. दोन हजार चौतीस सालच्या परतीच्या पावसात भर बाजारात पाणी शिरलं आणि एकोणीस माणसं गेली. पुढची सात वर्षं माळवडवाले म्हणत राहिले की वरच्या गावांनी मुद्दाम बंधारे फोडले, आणि वरची गावं म्हणत राहिली की माळवडवाल्यांनीच नदीच्या नरड्यावर दुकानगाळे बांधले. कोर्टात तारखा पडल्या, बंधाऱ्यांवर डोकी फुटली, ठरलेल्या सोयरिकी मोडल्या.

शेवटी दमून वरच्या अकरा गावांनी आणि माळवडनं करार केला. नदीकाठी सहा मळया होत्या, म्हणजे गाळाच्या खोलगट जमिनी. प्रत्येक मळईला बांध घालून नदीच्या बाजूनं एक लोखंडी फाटक बसवलं. मोठा पूर येणार असला की एका मळईत त्याचा शेंडा, वरचं चढतं पाणी, काढून घ्यायचा, म्हणजे खाली बाजार वाचतो. कुठल्या मळईत? तर पाटाच्या पाण्याला जशी पाळी असते, तशी पुरालाही पाळी लावली. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरला, दर वर्षी एक मळई. पाळीच्या वर्षी तिथलं रान दिवाळीपर्यंत मोकळं ठेवायचं. लोक त्याला पूरपाळी म्हणू लागले.

फाटक कधी उघडायचं हे माणसानं ठरवायचं नाही, हे कराराचं पहिलं कलम होतं. कारण माणूस म्हटला की तो कुणाचा तरी मेहुणा निघतोच. ठरवणार होती 'जुळी'. माळवडच्या कचेरीतल्या संगणकात वाकणी नदी तिच्या प्रत्येक ओढ्यासकट, बंधाऱ्यासकट पुन्हा उभी केली होती. वर पाऊस पडला की तो आधी जुळीतून वाहायचा आणि पुलाजवळ पाणी किती चढेल ते जुळी काही तास अगोदर सांगायची. दुसरं कलम वरच्या गावांनी अडून बसून घालून घेतलं होतं. संगणकाची तार फाटकाला जोडायची नाही. प्रत्येक फाटकाला दोन किल्ल्या; एक नदीच्या पाटकऱ्याकडे आणि दुसरी, जिची पाळी त्या मळईतल्या सगळ्यात खोल रानाच्या मालकाकडे. बुडणाऱ्याचा हात लागल्याशिवाय कुणाला बुडवायचं नाही.

पाटकरी म्हणून अकरा गावांनी एकमतानं सुवर्णा बाबरला निवडलं. एकमतानं म्हणजे, बाकी प्रत्येक नावावर भांडण झालं म्हणून. सत्तेचाळीस वर्षांची ही बाई तोंडाची फटकळ आणि वागायला सरळ. तिच्याशी भांडून कुणाला काही मिळालं नव्हतं, हीच तिची लायकी. आणि सहाव्या वर्षी, शेहेचाळीस साली, पाळी आली ती तिच्याच धाकट्या भावाच्या, अंकुशच्या मळईवर.

ह्यात एक घोळ होता. पहिल्या दोन पाळ्या कोरड्या गेल्या, तशी लोकांची भीड चेपली. अंकुशनं तीन वर्षांपूर्वी मळईच्या तळाला सहा एकर डाळिंब लावलं. सुवर्णानं त्याला तेव्हाच झापलं होतं.

"डाळिंबाच्या बुडाला दोन दिस पाणी उभं राह्यलं तर झाड मरतं, ठाऊक हाय न्हवं?"

"आक्का, पूर कुठं बघितलास का तू? नुसती चिठ्ठी फिरतीया."

फिरत फिरत चिठ्ठी त्याच्या दारात आली होती. मळईतल्या बाकीच्यांची रानं मोकळी होती. झाडं मात्र उचलून बांधावर ठेवता येत नाहीत. यंदा त्यानं पहिलाच बहार धरला होता आणि फळं लिंबाएवढी झाली होती.

*

सप्टेंबरचा शेवटचा मंगळवार, माळवडच्या बाजाराचा वार. पहाटेपासून वर शिरसमाळावर पाऊस कोसळत होता. खाली मळईवर मात्र नुसती भुरभुर होती. सुवर्णा फाटकाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत मोबाइल समोर ठेवून बसली होती. एक वाजता जुळीचा निरोप आला. पुलाजवळ पाणी जास्तीत जास्त तीन मीटर वीस. फाटकं बंद ठेवा.

बाजारतळावर पाणी चढतं ते तीन मीटर चाळीसला. म्हणजे वीतभर राखून बाजार सुरक्षित होता. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. अंकुश बागेतून धावत आला, निरोप वाचला आणि लहानपणी करायचा तसा तिच्या पाठीत धपाटा घालून परत बागेत पळाला.

दोन वाजायच्या सुमारास बांधावरून मेंढरांचा लोंढा आला. मायाप्पा मेटकरी डोक्यावर घोंगडं घेऊन पुढे चालत होता. सातशे मेंढरं आणि त्यातली निम्मी लंगडणारी. शिरसमाळ हे मायाप्पाचं पिढीजात चरायचं रान. पावसाळाभर तो तिथेच असतो आणि दिवाळीनंतर खाली उतरतो. एवढ्या लवकर तो कधी खाली येत नसे.

"काय मायाप्पा, माळ सोडला व्हय?"

"चार दिस झालं, बाय. रस्त्यानं बसत बसत आलो. मेंढरांचं खूर कुजाय लागलं. पाय ठेवंल तिथं उपळ फुटतीया. भुई पाणी प्याची बंद झाली."

उपळ म्हणजे पोट भरलेल्या जमिनीतून वर फुटणारं पाणी. सुवर्णानं मोबाइलवर शिरसमाळाचा आकडा काढला. जमिनीतली ओल चोवीस टक्के. म्हणजे जमीन अजून अर्धवट तहानलेली.

"जुळी म्हंती, माळ अजून लई पाणी पिईल."

"तुजी जुळी माळावर कवा आली हुती?" मायाप्पा हसला आणि मेंढरांना हाकत पुढं निघाला.

सुवर्णाला हसू आलं नाही. माळावर जमिनीची ओल मोजणारा ओलखांब होता आणि तो खोटं बोलत नाही हे तिला माहीत होतं. तो कसा मोजतो हेही तिला माहीत होतं. जुळी सांभाळणारा इंजिनिअर हर्षद माने, त्यानं शाळेच्या पटांगणात गोट्या मांडून तिला ते दाखवलं होतं. फार लांबच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून निघालेले कण अहोरात्र पृथ्वीवर आदळत असतात. हवेला धडकून त्यांच्यातून न्यूट्रॉन सुटतात, जमिनीत शिरतात आणि काही पुन्हा वर येतात. गोटी दगडावर मारली तर उसळून परत येते. तेवढ्याच गोटीवर नेम धरून मारली तर मारलेली गोटी जागच्या जागी थांबते. मातीतले अणू न्यूट्रॉनच्या मानानं दगड. पाण्यातला हायड्रोजन मात्र त्याच्याच वजनाची गोटी. त्याला धडकला की न्यूट्रॉनचा जोर संपला. म्हणून जमीन जितकी ओली, तितके कमी न्यूट्रॉन खांबाकडे परत येतात. एकटा खांब भोवतालच्या दोनशे पावलांतली, हातभर खोलीपर्यंतची ओल न खणता सांगतो.

फक्त त्याला एकदा शिकवावं लागतं. अमुक इतके न्यूट्रॉन म्हणजे तमुक ओल, हे नवा खांब जन्मतः जाणत नाही. शिरसमाळाचा जुना खांब मे महिन्यात विजेनं जळाला. जूनमध्ये नवा उभारला. हर्षदच्या माणसांनी एक दिवस भोवती अठरा खड्डे खणून माती नेली, वाळवली, तोलली. खांब मात्र चार दिवस, चार रात्री न्यूट्रॉन मोजत होता. ती सरासरी आणि तोललेली माती, दोन्हींची गाठ मारली की झालं शिक्षण. त्या चार दिवसांत आसपास माणूस, गाडी, जनावर कुणी फिरकायचं नाही, एवढीच अट होती. आणि ती पाळायची जबाबदारी सुवर्णाची होती.

ती उठून बांधावर धावली.

"मायाप्पा! जूनमदी खांबाच्या कुंपणात किती रात्री मेंढरं बसवली हुतीस?"

"चार. तूच म्हणलीस न्हवं? लांडग्यानं दोन कोकरं नेली, तवा तूच कुंपणाचं दार उघडून दिलंस. लई उपकार झालं बाय तुझं."

दिवसा मेंढरं चरायला जात होती. दिवसाच माणसं येऊन खड्डे खणून गेली. रात्री कुणी पाहायला नव्हतं. मेंढरांनी काही खांब खाल्ला नाही, असा विचार करून तिनं ती गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, आणि खरं म्हणजे विसरूनही गेली होती. आता ती बांधावर पावसात उभी राहून मेंढरांकडे बघत होती. मेंढरू म्हणजे तरी काय? लोकर, हाडं आणि बाकी सगळं पाणी. सातशे मेंढरांत अठरा हजार लिटर पाणी. चार रात्री ते पाणी खांबाला चिकटून रवंथ करत बसलं होतं. खांबाकडे न्यूट्रॉन कमी आले आणि त्याला शिकवलं गेलं की इतके कमी न्यूट्रॉन म्हणजे जूनची कोरडी माती. मेंढरं उठून गेली. तेव्हापासून तो खांब चिंब जमिनीलाही तहानलेली म्हणत होता. आणि त्या अख्ख्या माळावर तो एकटाच होता.

*

हर्षदनं पहिल्याच रिंगला फोन उचलला. तिनं एका दमात सगळं सांगितलं.

"ताई, किती मेंढ्या म्हणालात?"

"सातशे."

"खांबापासून किती लांब?"

"लांब कुठली? खांबाला अंग घासत हुती."

"थांबा. फोन ठेवू नका."

फोनमधून कळफलकाचा खडखडाट येत राहिला. सुवर्णा खिडकीतून नदीकडे बघत होती. पाणी अजून फाटकाच्या खालच्या पट्टीला होतं, नेहमीच्या पावसाळ्यातल्यासारखं. बारा मिनिटांनी हर्षद बोलला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता.

"माळाची ओल चोवीस नाही, बत्तीस टक्के धरली मी. आठ टक्क्यांचा फरक, पण माळ आहे नव्वद चौरस किलोमीटर. दोनशे सोळा कोटी लिटर पाणी जमिनीत मुरेल असं जुळी धरून चालली होती, ते मुरणार नाही. सरळ खाली येईल. पुलाजवळ चार मीटर तीस. साडेपाचच्या आसपास."

"मग आदेश धाडा की!"

"नाही धाडता येत. खांबाचं शिक्षण बदलायचं तर बारा गावांपैकी सात गावांची सही लागते. मी माझ्या मनानं आकडा फिरवला आणि फाटक उघडायला लावलं, तर उद्या प्रत्येक गाव म्हणणार, आमच्या वेळी का नाही फिरवलात? हेच होऊ नये म्हणून तर करार झाला ना, ताई. मी सगळ्यांना फोन लावतोय. पण सव्वातीनच्या आत उघडलं तरच शेंडा कापला जाईल, आणि आत्ता अडीच वाजलेत."

"बाजार उठवा."

"पोलिसांना सांगतो. पण गेल्या वर्षी दोनदा फुकट भोंगा वाजला. आता भोंग्याला कुणी जागचं हलत नाही. चार हजार माणसं आहेत तळावर आणि वर यायला एकच चढ." तो थांबला. "ताई, एक सांगतो. आदेश नाहीये. तुम्ही फाटक उघडलं नाहीत तर कायद्यानं तुम्हाला कुणी काहीही म्हणू शकणार नाही."

तो प्रामाणिक होता, म्हणूनच बोलला. सुवर्णानं फोन ठेवला आणि ती खुर्चीवर बसून राहिली. आयुष्यात तिला इतकी भीती कधी वाटली नव्हती, कारण सगळं किती सोपं होतं हे तिला दिसत होतं. आदेश नाही. मेंढरांची गोष्ट तिला, मायाप्पाला आणि हर्षदला ठाऊक. खोलीला कडी घालून बसलं की भावाची बाग वाचत होती आणि कलमही पाळलं जात होतं. खाली जे होईल ते जुळीच्या नावावर जाणार होतं.

तिनं खुंटीवरची किल्ली काढली आणि ती बागेच्या वाटेला लागली.

*

अंकुश झाडांना बांबूचे टेकू देत होता. ओझं पेलत नाही म्हणून लहान झाडांच्या फांद्या तो सुतळीनं बांधत होता. तिच्या हातातली किल्ली त्याला लांबूनच दिसली.

"आदेश आला?"

"न्हाई."

"मग ती कशाला आणलीस?"

तिनं सांगितलं. मेंढरांपासून चार मीटर तीसपर्यंत, काहीही न गाळता. तो ऐकत होता तोवर त्याच्या हातातली सुतळी बोटाभोवती आवळत गेली होती.

"म्हंजे चूक तुझी," तो म्हणाला.

"माझी."

"मेंढरं तू बसवलीस. लांडग्यापास्नं मायाप्पाची कोकरं वाचवलीस. अन् आता माझी झाडं मारायची."

"व्हय."

"जुळी काय म्हंती?"

"बंद ठेवा म्हंती."

"मग झालं की! पाच वरसं सगळी जुळी म्हंती तसं वागली. मी एकट्यानंच का न्हाई वागायचं?" त्याचा आवाज चढला. "त्या माळवडवाल्यांनी आपल्या आबाला बंधाऱ्यावर मारलं, ते इसरलीस? त्यांच्या बाजारासाठी मी माझं रान बुडवू? ते बी आदेश नसताना? आक्का, हर्षदचा आकडा घाईत काढलाय. तो चुकला असंल तर? मेंढरांनी न्हाई फरक पडला असंल तर? झाडं काय परत उभी राहत्यात?"

आकडा बारा मिनिटांत काढलेला होता, हे खरंच होतं. तिनं मोबाइल पाहिला. तीनला दहा मिनिटं कमी. हर्षदचा निरोप होता, बारा गावांपैकी दोघांनीच फोन उचलला.

"चल, नदी बघू," ती म्हणाली. दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

दोघं फाटकाशी आले. पाणी पट्टीच्या वर वीतभर चढलं होतं आणि त्याचा रंग बदलला होता. सकाळी काळपट होतं, आता तांबूस झालं होतं. पाण्यावर फेस होता आणि फेसात बारीक काळं काहीतरी तरंगत येत होतं, खूप. अंकुश वाकला. फाटकाशी साठलेला फेस त्यानं ओंजळीत घेतला.

लेंड्या होत्या.

"मायाप्पाच्या असत्याल. आत्ताच गेला न्हवं बांधावरनं." असं म्हणाला खरा, पण हातातली ओंजळ त्यानं टाकली नाही. मायाप्पा रस्त्यानं येऊन फाटकाच्या खालच्या अंगाला बांधावर चढला होता. आणि पाणी काही उलटं वर चढत नाही. त्यानं एक लेंडी बोटांत दाबली. भिजून फुगलेली, आठ-दहा दिवसांची. तिला माळावरची कुसळं चिकटली होती, आणि बोटाला तांबडा मुरूम लागला. मळईच्या आसपास कोसभर तसा मुरूम नाही. तो शिरसमाळाचा.

"जुळी माळाचं पाणी कवा सुटंल म्हंती?" त्यानं विचारलं.

"चारच्या पुढं."

तीन वाजायला पाच मिनिटं होती. ज्या माळाची जमीन अजून पाणी पीत असल्याचं जुळी सांगत होती, त्या माळावरून पाणी मेंढरांच्या बसण्याची जागा धुऊन, तीस किलोमीटर वाहून इथं येऊन पोचलंसुद्धा होतं. ह्याला संगणक लागत नव्हता. शेतकऱ्याच्या पोराला ओंजळीत कळत होतं.

अंकुशनं हात पाण्यात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले. मग सदऱ्याखाली हात घालून करदोट्याला बांधलेली किल्ली सोडली.

"तू गप बसली असतीस तर?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"मला कुणी काय म्हणलं नसतं."

"मी बी न्हाई." त्यानं किल्ली कुलपात घातली. "फिरीव तुझी. अन् हे झाल्यावर मला तोंड दावू नगंस, आक्का. खरं सांगतो. माझ्यानं बघवायचं न्हाई."

दोन्ही किल्ल्या एकदम फिरल्या. चाक मात्र पाच वर्षांत फिरलं नव्हतं. दोघांनी खांदे लावून ते हलवलं. फाटक हातभर वर उचललं गेलं तसा नदीचा आवाज बदलला. पाणी आधी पाटासारखं शहाण्यासारखं आत गेलं, मोकळ्या रानांतून पसरलं आणि मग उतार सापडल्यावर थेट तळाच्या बागेकडे धावलं. अंकुश तिथे थांबला नाही. सुवर्णा थांबली, कारण पाटकऱ्यानं थांबायचं असतं. फाटकाच्या चाकाला धरून ती मोठ्यानं रडत होती. चारपर्यंत बांबूचे टेकू दिसेनासे झाले होते.

*

पुलाजवळ पाणी तीन मीटर सदतीसला थांबलं. बाजारतळाच्या काठाला दोन बोटं कमी. भोंगा वाजला होता. नेहमीप्रमाणे कुणी उठलं नव्हतं. साडेसहाला बाजार आपणहून उठला आणि लोक पावसाला शिव्या घालत घरी गेले.

पुढच्या आठवड्यात पाणी पंचायत बसली. सुवर्णानं उभी राहून मेंढरांची गोष्ट सांगितली आणि आदेश नसताना फाटक उघडल्याचंही कबूल केलं. माळवडचा प्रतिनिधी म्हणाला, "पूर आलाच नाही, मग उघडलं कशाला?" टळलेला पूर कुणाला दाखवता येत नाही, ही ह्या कामातली मोठीच पंचाईत आहे. हर्षदनं आपला आकडा मांडला, तर तीन गावांनी विचारलं, खांब जर बिघडलेला, तर त्याच्यावरून काढलेला तुमचा आकडा तरी खरा कशावरून? त्याचं म्हणणं एवढंच होतं की पुढच्या जूनमध्ये खांबाला नीट शिकवू आणि मग सप्टेंबरचा तो पाऊस जुळीतून पुन्हा वाहवून बघू. तोवर सुवर्णाला पाटकरी पदावरून काढलं. चूक होतीच, तिनं हरकत घेतली नाही. अंकुश मागच्या सतरंजीवर बसला होता. सभा उठली तसा तो तिच्याकडे न बघता निघून गेला.

दिवाळीपर्यंत डाळिंबाची पानं पिवळी पडून गळाली. भाऊबीजेला सुवर्णानं पाट मांडला, संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि उचलून ठेवला.

जून आला. शिरसमाळाच्या खांबाला पुन्हा शिकवायचं ठरलं आणि चार दिवस, चार रात्री राखण कुणी करायची ह्यावर अकरा गावांत नव्यानं जुंपली. एका गावाचा दुसऱ्याच्या माणसावर विश्वास नव्हता. तेव्हा अंकुशनं कळवलं की मी बसतो. त्याला कुणी नाही म्हणू शकलं नाही. हर्षदनं त्याला बजावलं, की तुम्हीही खांबाजवळ जायचं नाही. माणूस म्हणजेही निम्म्याहून जास्त पाणीच. म्हणून अंकुशनं दोनशे पावलं मोजून, वर पन्नास जास्तीची टाकून, एका बाभळीखाली बाज मांडली.

पाचव्या दिवशी दुपारी सुवर्णा फडक्यात भाकरी घेऊन माळ चढून आली. नऊ महिन्यांत दोघांत बोलणं नव्हतं. तिनं भाकरी बाजेवर ठेवली आणि ती खाली दगडावर बसली. अंकुशनं अर्धी भाकरी खाल्ली. खांबाकडे बघत तो म्हणाला, "झालं का त्याचं शिकून?"

"झालं. हर्षदनं आज सकाळीच सप्टेंबरचा पाऊस परत सोडून बघितला."

"मग?"

"फाटक बंद ठेवलं असतं तर चार मीटर एकतीस."

तो बाजेवरून उतरून उभा राहिला आणि जमिनीपासून वर हात आणत आणत कमरेशी थांबवला.

"तळावर एवढं?"

"एवढं."

हात तसाच कमरेशी धरून तो थोडा वेळ उभा होता. कमरेएवढ्या पाण्यातून धडधाकट गडी चालत बाहेर येतो, हे त्याच्या मनात आलं असावं. तिच्याही आलं होतं. मग तो खाली मांडी घालून बसला, समोर भाजीचा ढीग असल्यासारखा, आणि तो हात मगाच्याच उंचीवर धरायचा म्हणून त्याला तो वर उचलावा लागला. हात कपाळाच्या वर गेला.

"बाजारात बाया बसलेल्या असत्यात गं, आक्का," तो म्हणाला.

सुवर्णानं मान डोलावली. अंकुशनं हात खाली घेतला आणि उरलेल्या भाकरीचे दोन तुकडे करून एक तिच्यापुढे धरला.